कुकर केकचा कागद

चूक माझी होती. हमीदाभाभींची नव्हती, आणि माझ्या आईची तर नव्हतीच. तरी त्या दोघींनी ती आपापली समजून वर्षानुवर्षं वागवली आणि मी ती त्यांना वागवू दिली. कुकरमध्ये केक भाजताना झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची असते. ही ओळ आईच्या वहीत तांबड्या शाईनं लिहिलेली होती, खाली दोन रेघा मारून. त्या वहीवरून मी जो कागद टाइप केला त्यात ती नव्हती. ती नजरचुकीनं राहिली असं मी स्वतःला फार काळ सांगत आलो. पण ती राहिली नव्हती, मी काढली होती. कागदाच्या तळाशी एकाच ओळीची जागा उरली होती आणि तिथे मला माझं नाव घालायचं होतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी आईच्या बेकिंगच्या वर्गाबद्दल लिहिणार आहे, आणि त्या वर्गाबद्दल लिहिताना माझ्या लेखणीत माया उतरते. वाचणाऱ्याला वाटायचं, चांगला मुलगा होता, आईला मदत करत होता. मदत करत होतो हे खरं आहे.

आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांना कुलूप होतं आणि खाली सगळीकडे वाळू होती. समोर दोन इमारती उठत होत्या, त्यांच्या वाळूचे ढीग रस्त्यापर्यंत पसरलेले असत आणि दुपारचा वारा सुटला की ती वाळू तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या भाकरीतही लागायची. गिरगावातल्या एका खोलीतून आलेल्या आईला सुरुवातीला या घरात करमत नसे. वडील महापेच्या कारखान्यात, त्यांच्या पाळ्या बदलत्या. मी वाशीला कॉलेजात. दिवसभर काँक्रीट मिक्सरची घरघर आणि मध्येच एखाद्या रिकाम्या फ्लॅटचं दार वाऱ्यानं आपटल्याचा आवाज. गिरगावात शेजारच्या एका ख्रिस्ती बाईंकडून ती पाव आणि केक शिकली होती. नेरूळला आल्यावर तिनं महिला मंडळाला विचारलं, सोसायटीचा हॉल मिळवला, आणि मंगळवार-गुरुवार दुपारी वर्ग सुरू केला. सोसायटीच्या सेक्रेटरींची एकच अट होती: हॉलमध्ये अंडं फुटता कामा नये. मग अंडी आमच्या स्वयंपाकघरात फुटायची. मी ती फेटायचो आणि झाकण लावलेल्या पातेल्यातून तीन जिने उतरून हॉलमध्ये न्यायचो. पातेलं दिसलं की बायका म्हणायच्या, "आलं बघा ताक!" सेक्रेटरीही एकदा केकचा तुकडा खाऊन "ताक छान लागलंय हो" म्हणून गेले.

ओव्हन आमच्याकडे एकच होता, गोल, अॅल्युमिनियमचा, झाकणात काचेची खिडकी असलेला. शिकायला येणाऱ्या बऱ्याच बायकांकडे तोही नव्हता, म्हणून आई त्यांना कुकरमधला केक शिकवायची. तळाला वाळू घालायची, वर जाळी ठेवायची आणि जाळीवर केकचं भांडं. वाळूला तोटा नव्हता. आई मला बादली देऊन समोरच्या बांधकामावर पाठवायची. "बारीक वाळू द्या, केकला हवीय," असं मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा मिस्त्री पोट धरून हसला होता. "आमच्या मुकादमाला सांगू नको रे बाबा, तो उद्या सिमेंटात मैदा मिसळेल." ती वाळू आई सात पाण्यांनी धुवायची, गच्चीवर वाळवायची, मैद्याच्या चाळणीनं चाळायची, आणि कागदाच्या पुड्या बांधून बायकांना वाटायची. मी आता सीवूड्सला राहतो. तिथे चार पावलांवर केकचं वाट्टेल ते सामान मिळतं, साच्यांच्या रांगा लागलेल्या असतात. मी त्या दुकानासमोरून जाताना अजूनही मान खाली घालतो. दुकानदाराला वाटत असेल, यांना कुणाचे तरी पैसे द्यायचे राहिलेत.

वर्गातला सगळ्यात सुंदर दिवस पावाचा. बारा बायका लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभ्या, बाह्या वर सारलेल्या, आणि मैद्याचे गोळे टेबलावर आपटल्याचा धप्प धप्प आवाज. हॉल रिकामा असल्यानं तो आवाज घुमायचा. यीस्टचा आंबूस वास, वर ओल्या फडक्यांचा वास. आई मधून फिरायची आणि एकेकीच्या गोळ्यात बोट दाबून बघायची. "अजून. अजून मळ. याला दया दाखवू नका." सारसोळे गावातून येणारी कुंदाताई या सगळ्यांत मोठ्या आवाजाची. कोळणीचे हात, मासळीच्या पाट्या उचललेले. तिचा पाव पहिल्याच झटक्यात जमायचा, केक मात्र दर वेळी मधोमध खाली बसायचा. "बाई, यो केक हाय का खारीतला खड्डा?" असं ती स्वतःच म्हणायची. मला ती मास्तर म्हणायची. "ए मास्तर, तुजं ताक पातल झालंय आज, फेटायला जीव नाय का तुला?"

हमीदाभाभी दुसऱ्या महिन्यात आल्या. म्हसळ्याकडचं माहेर, नवरा इस्माईलभाई, नेरूळच्या बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. तीस-बत्तीसच्या असतील. पहिल्या दिवशी त्या दाराशीच उभ्या राहिल्या, हातात डबा. आईनं आत बोलावलं तर म्हणाल्या, "बाई, आमी आलो तर चालेल ना? नाय म्हणजे, सोसायटीचा हॉल हाय म्हणून विचारते." आई म्हणाली, "हात धुतले असतील तर चालेल." डब्यात तांदळाची वाफवलेली सांदणं होती, पांढरीशुभ्र आणि हलकी. आईनं एक तोडून आतली जाळी बघितली आणि बारा बायकांना दाखवली. "हे बघा. हिला फुगवणं मी काय शिकवणार? हिनंच मला शिकवावं." खरंच होतं ते. पीठ वर आलं की नाही हे भाभी भांड्यावरचं फडकं न उचलता, नुसता तळहात ठेवून सांगायच्या आणि त्यांचं कधी चुकायचं नाही.

त्यांची अडचण वेगळी होती. त्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. मराठी तोंडात होती, जन्मापासून होती, पण डोळ्यांना तिची सवय नव्हती. आईच्या वर्गात दर वेळी कृतीचा कागद मिळायचा. पहिला कागद भाभींनी घडी घालून पिशवीत ठेवला. पुढच्या वर्गाला आल्या तेव्हा त्या कागदावर पेन्सिलीनं बारीक बारीक उर्दू अक्षरं होती, अवघड शब्दांच्या डोक्यावर. मुलगी पहिलीत होती, तिच्या पुस्तकावरून त्या देवनागरी शिकत होत्या. आईनं ते बघितलं आणि त्याच दिवसापासून नियमच केला. वर्ग सुरू व्हायच्या आधी कागद हमीदा वाचणार. "मै-दा… दोन… वा-ट्या. बे-किंग… पा-व-डर… दीड… च-म-चा." बोट ओळीखालून सरकायचं. बायका हातातलं काम थांबवून ऐकायच्या, कुणी शब्द सुचवायला गेलं तर आई डोळे वटारायची. कुंदाताईला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण ती भाभींच्या शेजारीच उभी राहायची आणि प्रत्येक शब्दाला मान डोलवायची, जणू परीक्षा तीच घेतेय. अशा सात-आठ वाचनांनंतर एका मंगळवारी भाभींनी नानकटाईचा अख्खा कागद एकदाही न अडखळता वाचला. मग कुंदाताई म्हणाली, "आता हिला कोर्टात वकील करा," आणि सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मैद्याच्या हातांनी. पांढरा धुरळा उडाला. भाभी ओढणीत तोंड लपवून हसत होत्या. त्या मला आठवतात तेव्हा आधी अशाच आठवतात, आणि मग लगेच ते दुसरं आठवतं.

कागद टाइप करण्याचं काम माझं होतं. मी मराठी टायपिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालो होतो आणि वाशीच्या इन्स्टिट्यूटमधले सर मला स्टेन्सिल कापू द्यायचे, सायक्लोस्टाइल मशीनचा दांडा फिरवू द्यायचे. शाईचा तो ओला वास आणि एकामागून एक बाहेर पडणारे सारखे कागद. एकोणिसाव्या वर्षी मला आपण मोठे छापखानेवाले आहोत असं वाटायचं. कागद एका पानात बसवायचा हा माझा अभिमानाचा विषय होता. आई म्हणायची, दोन पानं झाली तरी चालतील. मी म्हणायचो, दोन पानं केलीस तर एक हरवतं. कुकर केकच्या कागदाच्या वेळी मी भोवती फुल्यांची चौकट काढली होती. मजकूर तळाला भिडला. शेवटी एक ओळ उरली आणि वहीतलं शेवटचं वाक्य उरलं, ते तांबड्या शाईचं. मी ते दोनदा वाचलं. मला नेमकं आठवतं, मनात काय आलं ते: हे तर आई तोंडानं सांगतेच, दर वेळी सांगते, हे कुणाला माहीत नाही? आणि मी तिथे टाइप केलं, टंकलेखन व मांडणी, आणि पुढे माझं संपूर्ण नाव.

त्या गुरुवारी आईचा घसा बसला. आवाजच फुटेना. ती वर्ग रद्द करायला निघाली होती, मीच म्हणालो, मी घेतो. मला तो वर्ग घ्यायचा होता. मी शर्ट इस्त्री केला. हॉलमध्ये आमचा गोल ओव्हन नेला, त्यात केक करून दाखवला, विनोद केले, बायका हसल्या. कुंदाताई म्हणाली, "मास्तर खरंच मास्तर झाला रं!" ओव्हनमध्येच इतका वेळ गेला की कुकर दाखवायचा राहिला. मी कागद वाटले आणि सांगितलं, ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी यावरून करा, सगळं दिलंय. भाभींनी सवयीनं कागद समोर धरला आणि वाचायला सुरुवात केली. "कुक-र… के-क…" मला घाई होती. चार वाजले होते, मित्र बाहेर थांबले होते. मी म्हणालो, "भाभी, आज नको, घरी वाचा." त्यांनी लगेच कागद खाली घेतला. "हा हा, घरी वाचते."

शनिवारी दुपारी कुंदाताई आमचा जिना चढून वर आली, धापा टाकत. बाजारात मासळी विकत बसली असताना तिला कळलं होतं. हमीदाच्या घरी कुकर उडाला. आत पाणी नाही, पण रिंग आणि शिट्टी जागच्या जागी. मिश्रणाची वाफ कोंडली, रबर जळायला लागलं, त्याचा वास आला म्हणून भाभी बघायला वाकल्या, आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह निसटून वाफ आणि तापलेली वाळू त्यांच्या तोंडावर उडाली. उजवा गाल, मान, हात. "डोला वाचला म्हनतात, देवाला ठाव," कुंदाताई म्हणाली आणि आमच्या उंबऱ्यावरच बसली. आई आतून आली. तिचा आवाज अजून आला नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि त्या घोगऱ्या, फाटलेल्या कुजबुजीत विचारलं, "अवी, कागदावर रिंगचं लिहिलं होतंस ना?"

मी "हो" म्हणालो.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. नंतर तिचा घसा चार दिवसांत बरा झाला होता, ती पुढे कितीतरी वर्षं खणखणीत बोलली, माझ्या लग्नात मंगलाष्टकं म्हणाली. पण माझ्या कानात ती आली की त्या बसलेल्या आवाजातच येते. आंघोळ करताना, जेवताना, कामावर एखाद्या बैठकीत. प्रश्न तोच असतो. मी अजूनही प्रत्येक वेळी क्षणभर थांबतो, जणू या वेळी तरी दुसरं उत्तर देता येईल.

त्या "हो"नंतर मी जे केलं ते एकोणीस वर्षांच्या घाबरलेल्या मुलाचं काम नव्हतं, ते व्यवस्थित विचार करून केलेलं काम होतं. मी त्याच दुपारी इन्स्टिट्यूटला गेलो, नवी स्टेन्सिल कापली, फुल्यांची तीच चौकट काढली, सगळा मजकूर अक्षर न् अक्षर तसाच ठेवला आणि शेवटी माझ्या नावाच्या जागी रिंग आणि शिट्टीची ओळ घातली. मग उरलेल्या बायकांच्या दारी जाऊन, साखरेचं प्रमाण चुकलंय असं सांगून जुने कागद परत घेतले आणि नवे दिले. कुणी काही विचारलं नाही. कुंदाताई तर म्हणाली, "मला कागूद कशाला? शेगडी पेटवायला दे." राहिला एकच कागद.

सोमवारी आई आणि मी भाभींच्या घरी गेलो. त्या अजून इस्पितळात होत्या. आईनं इस्माईलभाईंसाठी आणि लहान मुलीसाठी डबा नेला होता. आई बाहेरच्या खोलीत बसली, आणि मी म्हणालो, डबा आत ठेवतो. स्वयंपाकघरात जळल्या रबराचा वास दोन दिवसांनीही होता. भिंतीवर काळा डाग. ओट्याच्या वर, नळाशेजारच्या खिळ्याला, कागद लावलेला. मी तो काढला. त्यावर पेन्सिलीची उर्दू अक्षरं होती, "जाळी"वर, "मंद आच"वर, "मिश्रण"वर. तळाच्या माझ्या नावावरही होती. ते नावसुद्धा त्यांनी लावून लावून वाचलं होतं, कृतीचाच भाग समजून. मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि खिळ्याला नवा अडकवला. दुसऱ्या दिवशी नेरूळच्या खाडीच्या कडेला उभा राहून मी त्याचे तुकडे केले आणि पाण्यात टाकले. भरतीचं पाणी होतं. तुकडे बराच वेळ तिथेच हलत राहिले.

मला वाटलं होतं, नवा कागद कुणी बघणारही नाही. पण त्या सोमवारी आम्ही निघायच्या आधी इस्माईलभाई पाणी आणायला आत गेले आणि बाहेर आले ते हातात कागद घेऊन. ते मराठी शाळेत शिकलेले. पण या कागदावर भाभींची पेन्सिलीची अक्षरं नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. "बाई, हे बघा. स्वच्छ लिहिलंय की. रिंग काढा, शिट्टी काढा." आईचे डोळे मिटले. सुटल्यासारखे मिटले, हे मी बघितलं. इस्माईलभाई तो कागद इस्पितळात घेऊन गेले, आणि आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. भाभींचा अर्धा चेहरा पट्टीत होता, डोळे सुजून बंद. इस्माईलभाईंनी कॉटच्या कडेला उभं राहून ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस रागावतो. "लिहिलं होतं ना? वाचता येत नाय तर कशाला करायला जातेस? पोरीला काय झालं असतं म्हणजे?"

भाभी म्हणाल्या, "मी वाचला होता सगळा. असं नव्हतं त्याच्यात."

"हे बघ ना. हे काय हाय मंग?"

त्यांना बघता येत नव्हतं. त्यांनी डावा हात पुढे केला, इस्माईलभाईंनी कागद हातात दिला, आणि त्यांनी तो बोटांनी चाचपला, जसं भांड्यावरचं फडकं चाचपायच्या तसं. मी कॉटच्या पायाशी उभा होतो. एवढंच करायचं होतं, तोंड उघडायचं होतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मला दिसलं नसंल." आणि मग आईला म्हणाल्या, "बाई, तुमी मनाला लावून घेऊ नका. माझंच चुकलं."

मी पुढे पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे की त्या कॉटवर आमच्याच जिन्यातली, आमच्यासारखी कुणी बाई असती तर मी गप्प राहिलो असतो का. मला उत्तर माहीत आहे आणि ते लिहायला मला लाज वाटते. त्या परक्या आहेत, त्यांना अक्षरं नीट लागत नाहीत, हे लोक सहज मानतील हे मी हिशेबात धरलं होतं. सोसायटीत सगळ्यांनी मानलंही. "अहो, वाचताच येत नव्हतं तिला," असं जिन्यात बोललं जायचं, आणि टाळ्या वाजवणाऱ्या हातांतलेच काही हात ते बोलताना हलायचे.

आईनं त्यानंतर कुकरचा केक कधी शिकवला नाही. वर्ग आणखी काही महिने चालला, मग तिनं हॉलची किल्ली परत दिली. "कागदावर सोडायचं नसतं अवी," ती म्हणायची, "मी तोंडानं सांगायला हवं होतं. माझा घसा त्याच दिवशी बसायचा होता." दर वर्षी दोन-तीनदा तरी म्हणायची. मरायच्या आधीच्या दिवाळीतसुद्धा म्हणाली. तिला सांगायची संधी मला हजारदा मिळाली. आता ती संधी नाही.

भाभी पुन्हा आल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मी गल्ली बदलायचो. कुठलाही कागद हातात आला की मी शेवटची ओळ आधी वाचतो, लग्नपत्रिकेचीसुद्धा. बायको यावरून माझी थट्टा करते. आमच्या घरात प्रेशर कुकर नाही; भात पातेल्यात होतो. का, ते मी तिला आत्ता आत्तापर्यंत सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका सकाळी नेरूळच्या दवाखान्यात रक्त तपासायला गेलो होतो. दारावर सूचना लावलेली होती, मोठ्या मराठी अक्षरांत. मी तिच्याजवळ उभा असताना एक म्हातारी बाई माझ्या बाजूला येऊन थांबली. डोक्यावर ओढणी, उजव्या गालापासून मानेपर्यंत कातडी ओढलेली, गुळगुळीत. त्या सूचनेकडे बोट करून त्या म्हणाल्या, "भाऊ, जरा वाचून सांगता काय? मला मराठी वाचता येत नाय."

त्यांनी मला ओळखलं नाही. मी वाचून दाखवलं, डॉक्टर आज दहाऐवजी अकरा वाजता येतील. त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या. मी रक्त न देताच बाहेर पडलो. रस्त्यावर उभा राहिलो आणि मला एकच गोष्ट दिसत होती: नानकटाईचा कागद, ओळीखालून सरकणारं बोट, आणि हवेत उडालेला मैदा. त्यांना वाचता येत होतं. ते मी काढून घेतलं होतं.

आठ दिवस मी भाभींचं घर शोधण्याचं निमित्त करून घालवले. घर शोधायची गरज नव्हती, ते तिथेच होतं. नवव्या दिवशी सकाळी गेलो. भाभींनीच दार उघडलं. मी नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. "अगो बाई, अवी! केवढा झालास! बाई कशा हायत?" मी सांगितलं, आई गेली. त्यांनी हात छातीशी नेला, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, मला बसवलं, चहा टाकायला उठल्या. मी म्हणालो, "भाभी, चहा नको. आधी ऐकून घ्या." आणि मग सांगितलं. वही, तांबडी शाई, शेवटची ओळ, माझं नाव, डबा आत ठेवायला गेलो ते, खिळा, खाडी. सगळं. मला वाटलं होतं मी रडेन, पण आवाज सरळ राहिला. बाहेर भाजीवाला ओरडत होता.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी बरोबर वाचलं होतं?"

"हो भाभी."

"ती ओळ नव्हतीच?"

"नव्हतीच. तुम्ही अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं होतं."

त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. "पोरीच्या शाळेचे कागद यायचे," त्या म्हणाल्या, "मी हात नाय लावायची. म्हटलं, आपल्याला दिसत नाय नीट, भलतं कायतरी होऊन बसायचं. तिनं पहिली चिठ्ठी लिहिली सासरहून, मराठीत, ती पण यांनीच वाचून दाखवली." मी खाली मान घालून हात जोडले, माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी मला थांबवलं. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात आता काहीतरी टणक होतं.

"मला नको सांगू. त्यांना सांग." त्यांनी गॅलरीकडे बोट केलं. इस्माईलभाई तिथे उन्हात खुर्ची टाकून बसले होते, पांढरी दाढी, पाठ आमच्याकडे. "आनि मोठ्यानं सांग. कानानं कमी ऐकतात."

मी गॅलरीत गेलो, त्यांच्या समोर खाली बसलो. भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी बोलायला लागलो तर इस्माईलभाईंनी कानामागे हात धरला. "काय?" मी पुन्हा सांगितलं. "कोण? कुठला कागद?" शेजारच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली. मी उठून उभा राहिलो आणि खालच्या रस्त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "भाई, भाभींनी बरोबर वाचलं होतं! कागदावर ती ओळ नव्हती. मी काढली होती. नंतर तुमच्या घरात येऊन मी कागद बदलला. त्यांचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं. मला माफ करा."